मटन पाहून कसे घ्यावे



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी "आपल्या घरातले विज्ञान" हा विषय दिला. कोणी साबण घेतला, कोणी दह्याचे विरजण घेतले. मी मटन घेतले तेव्हा सारा वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "लिही, पण विचारून लिही. यात चूक झाली तर वाचणाऱ्याचे पोट दुखेल." म्हणून मी तिघांना विचारले. एक आमच्या बाजारातले खाटीककाका, दुसरे गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर, तिसरी आमची आजी. तिघांचे जिथे पटले नाही तेही खाली लिहिले आहे.

आमच्या वर्गात माळकरी घरची मुले पुष्कळ आहेत. त्यांनी हा लेख सोडून पुढच्या कोड्याकडे जाऊ नये. मधे एका बकरीची हकीकत आहे, ती ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्या सगळ्यांसाठी आहे.

आमच्या घरी श्रावणभर मटन शिजत नाही. श्रावण सरतो त्या अमावास्येला पोळा, आणि दुसऱ्या दिवशी कर. करीच्या दिवशी दिवस उगवायच्या आधीच खाटीककाकांच्या दुकानापुढे रांग लागते. सगळ्यांच्या हातात डबे नाहीतर थैल्या. मोठेबाबा मला दरवर्षी नेतात ते थैली धरायला. यंदा मी थैली धरली आणि डोळेही उघडे ठेवले.

मोठेबाबा लाकडी ओंडक्यावर कापून ठेवलेला ढीग कधीच घेत नाहीत. ते म्हणतात, "टांगलेल्यातलं दे बाप्पा, हे नोको." मला वाटायचे की हा त्यांचा हट्टी स्वभाव. खाटीककाकांनी कारण सांगितले. टांगलेले जनावर वरून कोरडे राहते, त्याला वारा लागतो. बारीक तुकडे केले की प्रत्येक तुकड्याला चारी बाजू नव्या होतात, प्रत्येक बाजूला सुरीचा, हाताचा आणि माशीचा स्पर्श होतो. खिमा तर सगळ्यात लवकर खराब होतो. म्हणून खिमा घ्यायचा असेल तर तुकडा आधी पाहावा आणि आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावा.

आता रंगाचे. आपण म्हणतो "लालभडक म्हणजे ताजे". हे अर्धेच खरे आहे. मांसाचा लाल रंग रक्ताचा नसतो. स्नायूंमध्ये मायोग्लोबिन नावाचे एक द्रव्य असते, त्याचा तो रंग. नुकत्याच कापलेल्या तुकड्याचा आतला भाग जांभळट असतो. थोडा वेळ हवा लागली की तो छान लाल होतो. आणखी काही तास गेले की तपकिरी होत जातो. म्हणजे जांभळट दिसले म्हणून घाबरायचे नाही, आणि नुसत्या तपकिरीने ते नासलेच असेही नाही. पण तपकिरी रंग, वर चिकटपणा आणि वास असे एकत्र आले, किंवा हिरवट झाक दिसली, तर दुकानातून सरळ घरी यायचे. खाटीककाका म्हणाले, "रंगावर जाऊ नको रे बाबू. दुकानात लाल बल्ब लावला की सारंच लाल दिसते." त्यांच्या दुकानात पांढरा बल्ब आहे, हे त्यांनी मला वर बोट करून दाखवले.

बोटाची परीक्षा जास्त चांगली. तुकड्यावर बोट दाबावे. ताजे असेल तर खळगा पडतो आणि लगेच भरून येतो. शिळे असेल तर खळगा तसाच राहतो. बोट उचलताना तार यायला नको. बकऱ्याची चरबी पांढरी आणि घट्ट हवी. ताटलीत मांसाखाली पुष्कळ पाणी साचले असेल तर ते बराच वेळ पडलेले आहे किंवा कोणीतरी वजनासाठी पाणी मारले आहे. काळीज घेताना ते चकचकीत, काळसर तांबडे आणि सपाट असावे. त्यात पाण्याने भरलेल्या पांढऱ्या गाठी दिसल्या तर घेऊ नये.

या गाठींविषयी डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यांत नवी होती. आपल्याकडे गाठी निघालेले काळीज कुत्र्यापुढे टाकतात. कुत्रा खुश होतो. पण त्या गाठीत एका बारीक जंताची पिल्ले असतात. ती कुत्र्याच्या आतड्यात मोठी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, कुत्र्याच्या केसांना लागतात, आणि आपण त्याला कुरवाळून तसेच जेवायला बसलो की आपल्या पोटात जातात. मग तशीच गाठ माणसाच्या काळजात होते. म्हणून असले काळीज जाळावे नाहीतर खोल पुरावे. आमच्या मोत्याला मी अजून कुरवाळतो, पण हात धुतो.

ताजे म्हणजे गरम, अशी आमच्याकडे समजूत आहे. कापल्या कापल्या ऊन ऊन मटन मिळाले की लोकांना बरे वाटते. पण जनावर कापल्यावर काही तासांनी त्याचे स्नायू ताठ होतात, आणि मग पुन्हा सैल पडतात. ताठ असताना शिजवले तर चिवट लागते. म्हणजे घट्ट लागले म्हणून शिळे, असे नाही. यावर आजीचे आणि डॉक्टरांचे पटले नाही. आजी म्हणते, गरमच चांगले. डॉक्टर म्हणतात, स्वच्छ आणि थंड जागी काही तास ठेवलेले चांगले. आपल्या गावात तशी थंड जागा कुठे आहे असे मी विचारले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मग तुझी आजी म्हणते तेच कर."

थंड जागेचा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे. सूक्ष्म जंतूंना ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधली ऊब आवडते. अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, अमरावतीही फार मागे नसते. पोळ्याच्या सुमारास ऊन कमी असते, पण हवा दमट असते आणि माश्या भरपूर. चांगली ऊब आणि ओलावा मिळाला तर एका जंतूचे वीस मिनिटांत दोन होतात. मी पाटीवर गणित केले. तासात तीन वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे आठ. सात तासांत एकवीस वेळा दुप्पट. शेवटी आकडा आला २०,९७,१५२. एका जंतूचे सात तासांत वीस लाखांवर! सकाळी सहाला आणलेले मटन दुपारी एकला चुलीवर चढवले तर मधे काय काय होऊ शकते ते यावरून कळेल. करीच्या दिवशी आमच्या घरी पाहुणे येईपर्यंत मटन थैलीतच लटकत असायचे. यंदा आईने आल्याबरोबर हळद-मीठ लावून लगेच वाफवून घेतले. हळद-मिठाने जंतू मरत नाहीत, थोडे थोपतात. विस्तव लागतोच. फ्रीज असला तरी त्यात वाढ मंदावते, थांबत नाही. आणि आमच्याकडे वीज जाते हे सगळ्यांना माहीत आहे.

इथे एक मोठी मेख आहे. वास मारणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे जंतू बहुधा वेगळे. नासका वास आला तर मांस खराब आहे हे नक्की. पण वास आला नाही म्हणून ते निर्धोक आहे असे म्हणता येत नाही. साल्मोनेला नावाचा जंतू कोंबडीच्या मांसात असतो, त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणून नाकावर भरवसा फक्त "नको" म्हणण्यापुरता ठेवावा.

आता बकरीची हकीकत. ही गोष्ट माझ्याच बाकावर बसणाऱ्या मित्राच्या घरची आहे. त्याला विचारून लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात नवे कोवळे गवत आले होते. मित्राच्या आईच्या चार बकऱ्या, त्यांच्यावरच त्यांचे मीठमिरची चालते. त्यातली सगळ्यात धष्टपुष्ट बकरी सकाळी गोठ्यात मरून पडलेली सापडली. रात्री चांगली चरून आली होती. सात-आठ हजारांचे जनावर. मित्राची आई रडत होती. चार माणसे जमली. एक जण म्हणाला, "आंग अजून गरम हाय. आत्ताच सुरी लावा, शंभर-शंभर रुपयांचे वाटे घाला. बाईचे पैसे तरी निघतीन." त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. सगळ्यांना तिची कीव येत होती. दोघांनी तर पैसे काढूनही ठेवले होते.

आमची आजी तिथे आली. तिने बकरीच्या नाकाशी वाकून पाहिले आणि म्हणाली, "थांबा रे बाप्पा. नाकातोंडाशी लाल फेस हाय. कोणी हात नका लावू." मग मला म्हणाली, "जाय रे, सायकल काढ, दवाखान्यातून डॉक्टरले घेऊन ये." मी गेलो. चिखलात दोनदा पडलो. डॉक्टर मोटारसायकलवर आले.

त्यांनी पहिल्यांदा विचारले की कोणी कापले तर नाही ना. मग हातमोजे घालून बकरीच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचेवर घेतला आणि दवाखान्यात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तोवर कोणी जवळ जायचे नाही असे बजावले. त्यांना संशय होता तो फाशी या रोगाचा. त्यात जनावर अचानक मरते, नाकातून, तोंडातून, मागून काळसर रक्त येते आणि ते गोठत नाही. असे जनावर कापले की जंतूला हवा लागते, त्याची कठीण कवचाची बीजे तयार होतात आणि ती मातीत कित्येक दशके जिवंत राहतात. कातडे सोलणाऱ्याच्या हाताला काळी पुळी येते. मांस खाणाऱ्याच्या जिवावर बेतते. जर्मनीत एका लहान गावात डॉक्टरकी करणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनी १८७६ साली हा जंतू आणि त्याची बीजे कशी वाढतात ते दाखवून दिले. पुढे १८८१ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी मेंढ्यांना या रोगाची लस टोचून सगळ्यांसमोर परीक्षा दिली. गंमत म्हणजे १८७६ हेच आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला गाडगेबाबांचा जन्म झाला ते साल. बाबांनी देवापुढे बकरे कापण्याला जन्मभर विरोध केला आणि हातात झाडू घेतला. कॉख जंतू शोधत होते, बाबा घाण काढत होते. कामे जवळचीच म्हणायची.

काचेवर फाशीचे जंतू निघाले नाहीत. मग डॉक्टरांनी खड्ड्याच्या काठावरच बकरी उघडून आतडी पाहिली आणि म्हणाले की हा बहुधा आंत्रविषार आहे. कोवळे गवत एकदम जास्त खाल्ले की आतड्यात आधीपासून असलेले जंतू भराभर वाढतात आणि विष तयार करतात. बकरी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली.

तेव्हा लोक म्हणाले, "पाहा, फाशी तं नव्हतीच. बाईचे फुकट पैसे गेले." माझा मित्र माझ्याशी आठ दिवस बोलला नाही, कारण डॉक्टरांना मीच आणले होते. मलाही वाटले की आपण चूक केली का. म्हणून मी दवाखान्यात जाऊन विचारले. डॉक्टरांनी मला असे समजावले. कापलेल्या जनावराचे रक्त वाहून जाते. आपोआप मेलेल्याचे रक्त आतच साकळते आणि आतड्यातले जंतू काही तासांतच मांसात शिरतात. ते का मेले हे माहीत नसताना ते खाणे म्हणजे डोळे मिटून विहिरीत पाय टाकणे. शिवाय काही विषे अशी असतात की ती शिजवूनही जात नाहीत. खाटीककाकांनी असे मांस ओळखायची खूण सांगितली. ते काळसर असते, शिरांत रक्त भरलेले असते, दाबले की रक्त झिरपते. "अन् पहिली खूण म्हणजे भाव," ते म्हणाले. "निम्म्या भावात कोणी देत असला तर समजून घेजो."

याच संदर्भात गुरुजींनी आम्हाला इतिहासातली एक गोष्ट सांगितली. पूर्वी गावातली मेलेली गुरे ओढून नेण्याचे काम महार समाजावर लादलेले होते, आणि पोटाला दुसरे काही न मिळाल्यामुळे ते मांस खावे लागे. चवीसाठी कोणी खात नव्हते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा असे सांगितले. चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले ते याच परिषदेत. लोकांनी त्यांचे ऐकले, आणि ऐकल्याबद्दल कित्येक गावांत त्यांना त्रासही सोसावा लागला. आम्ही हा धडा वाचताना मला बकरी आठवली. सात-आठ हजार सोडणे सोपे नसते, मग ज्यांच्याकडे दोन वेळचे नव्हते त्यांना ते किती कठीण गेले असेल.

पुढे आमच्या आजीने आपली एक पाठ मित्राच्या आईला बटईने दिली. एक पिल्लू त्यांचे, एक आमचे, असा ठराव आहे. यंदा जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, आंत्रविषाराची लस टोचून घेतली. बकऱ्या धरायला आम्ही दोघे होतो.

आंत्रविषार करणाऱ्या जंतूचा एक भाऊबंद माणसालाही सतावतो. लग्नात, कंदुरीत मोठ्या गंजात रस्सा शिजवतात. उकळी आली की बाकीचे जंतू मरतात, पण याची बीजे उकळीतही टिकतात. गंज मोठा असल्याने रस्सा रात्रभर कोमट राहतो आणि बीजांतून पुन्हा जंतू निघून वाढतात. सकाळी लोक "रात्रीचा रस्सा मुरला, आता खरी चव आली" म्हणून ताटात घेतात आणि सहा ते चोवीस तासांत पोटात कळा, जुलाब. दोष मटनाला देतात. मटन ताजेच असते, ठेवण चुकते. उरलेला रस्सा लहान लहान भांड्यांत काढून लवकर थंड करावा आणि खाताना पुन्हा खळखळ उकळावा. माझ्या मामाच्या गावी एका कंदुरीनंतर अर्धी आळी आजारी पडली होती. त्यात मीही होतो, त्यामुळे याविषयी मी जास्त लिहीत नाही.

कोंबडीचे थोडक्यात. शक्यतो जिवंत पाहून घ्यावी. डोळे मिटून, पंख पाडून, एका कोपऱ्यात बसलेली, नाकातून पाणी येणारी कोंबडी घेऊ नये. भारतात कोंबड्यांना बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि लोकांनी चिकन खाणेच सोडले होते. खरे म्हणजे नीट शिजवलेल्या मांसात तो विषाणू टिकत नाही, धोका असतो तो आजारी पक्षी हाताळण्यात. तुकड्याच्या मधोमध ७४ अंश उष्णता पोहोचली पाहिजे असे सांगतात. आपल्याकडे थर्मामीटर नाही, तर हाडाजवळचा भाग गुलाबी राहिला नाही आणि रस पांढरा निघाला, एवढे पाहावे. कच्ची कोंबडी नळाखाली धुतली की शिंतोड्यांतून जंतू सगळीकडे उडतात, म्हणून धुऊच नये असे आता सांगितले जाते. हे मी आईला सांगितले. आई म्हणाली, "न धुता कशी शिजवू रे, पिसं असतात तिले." शेवटी तडजोड झाली. ती आता गंजात पाणी घेऊन हलकेच धुते आणि कांदा-सांबार त्याच पाटावर चिरत नाही.

मासे आमच्या बाजारात मोर्शीकडून, अप्पर वर्धा धरणाचे येतात. अकोल्याकडे काटेपूर्णेचे मिळतात. रोहू, कटला, कधी मरळ. मासा मटनापेक्षा लवकर नासतो. कल्ला उचलून पाहावा, आत लाल आणि ओलसर हवा, तपकिरी किंवा राखाडी नको. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, खोल गेलेला आणि धुरकट नको. खवले घट्ट, पोट न फुटलेले. मासा आडवा हातावर धरला की ताजा असेल तर सरळ राहतो, शिळा दोन्हीकडे लोंबतो. २०१८ च्या जुलैमध्ये गोव्यात बाहेरून आलेल्या माशांना फॉर्मॅलिन लावल्याचा संशय आला आणि काही दिवस बाहेरचे मासे आणायलाच बंदी केली होती. फॉर्मॅलिन म्हणजे शाळांच्या प्रयोगशाळांत बरणीतला बेडूक ज्यात ठेवतात ते औषध. त्याने मासा घट्ट राहतो, म्हणून नुसत्या घट्टपणावरही जाऊ नये. बर्फात ठेवलेला आणि माशाचाच वास येणारा घ्यावा. माश्या बसत नाहीत म्हणून मासा चांगला, असे समजणाऱ्यांनी पुन्हा विचार करावा.

शहरात कत्तलखान्यात पशुवैद्य जनावर आधी आणि नंतर तपासतात आणि पास झालेल्या मांसावर शिक्का मारतात. आमच्या गावात शिक्का नाही. आमच्याकडे मोठेबाबांचे बोट आणि आजीचे डोळे आहेत. काही शंका वाटली तर अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत शिकून आलेले आमचे डॉक्टर आहेतच.

लेखाच्या बाजूला लावलेले माशाच्या कल्ल्याचे चित्र माझ्या मित्राने काढले आहे. लाल रंग संपला म्हणून ताजा कल्ला त्याने कुंकवाने रंगवला. शिळ्यासाठी चहाचे पाणी वापरले आहे. कोणी हात लावून पाहू नये, कुंकू निघते.